एका जुन्या छायाचित्राचा काळ



जुबिलीच्या प्रदर्शनाकरितां घरोघरच्या पेट्यांतून जीं छायाचित्रें आम्हांकडे आलीं, त्यांपैकीं एकाविषयींच आज बोलावें असें आम्हीं योजिलें आहे. चित्र मुंबईंतील एका मोटार-गॅरेजचें आहे. आपल्याच धर्मग्रामांतील एका कुटुंबाचें तें गॅरेज. आतां तें राहिलें नाहीं. दाराशीं एक फोर्ड गाडी, मध्यें कोट घातलेले एक गृहस्थ, त्यांच्या बाजूस कपाळावर व्रण असलेला एक मुलगा, आणि भिंतीशीं पेट्रोलच्या डब्यांची उतरंड. पाठीमागें शाईनें '१९१२' असें लिहिलें आहे. मधले गृहस्थ म्हणजे गॅरेज काढणारे आजोबा, अशी त्या घराची पिढीजात समजूत.

प्रथम आम्हांसही शंका आली नाहीं. दारांतील गाडी 'मॉडेल टी' जातीची. ही गाडी १९०८ सालीं निघाली, आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोट गाड्या बाहेर पडल्या. तिचा रेडिएटर पितळी व चकचकीत, म्हणजे १९१२ साल जुळतें. परंतु भिंग घेऊन पाहतां गॅरेजच्या आंतील अंधारांत दुसऱ्या एका फोर्डचें तोंड दिसलें, आणि तें काळें होतें. कंपनीनें पितळी रेडिएटर सोडला तो १९१६ च्या ऑगस्टांत, १९१७ च्या नमुन्यापासून. आमच्यांतील एका तरुण मिस्त्रीनें हरकत घेतली कीं, पितळेला काळा रंग कोणीही फांसूं शकेल. हरकत रास्त होती. पण त्याच वेळीं बॉनेट उंच व वाटोळें झालें, आणि पूर्वीं सपाट असलेले मडगार्ड कमानदार झाले. पत्र्याची ही घडण कुंचल्यानें बदलत नाहीं. आंतील गाडीचा मडगार्ड कमानदारच आहे. गॅरेजांत जुन्या गाड्या येणारच; म्हणून चित्रांतील सर्वांत नवी वस्तु पाहावी, सर्वांत चकाकणारी नव्हे!

हिंदुस्थानांत फोर्ड गाड्या बहुशः कॅनडांतील कारखान्यांतून जहाजानें येत. तेव्हां १९१७ च्या अगोदर हें चित्र निघणें कठीण. अलीकडची सीमा मुलानें दिली. व्रणावरून तो थोरला मुलगा, याविषयीं घरांत दुमत नाहीं. आपल्या नोंदवहींत त्याचा बाप्तिस्मा १९०८ चा आहे, आणि चित्रांत तो बारा वर्षांपलीकडचा दिसत नाहीं. सबब १९१७ ते १९२०.

येथवर आम्हांस मौज वाटत होती. मग मृतांची नोंदवही उघडली. आजोबांचें दफन १९१५ सालीं झालें होतें.

हें त्या घरीं कसें सांगावें, याचा विचार करण्यांत आम्हीं दोन रविवार घालविले. अखेर गेलों. घरांतील सर्वांत वृद्ध बाई, त्या थोरल्या मुलाची कन्या, बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "तर हे धाकटे आजोबा. बाबा नेहमीं सांगत, काकानें आम्हांला वाढविलें, हत्यारें हातीं दिलीं, आणि आम्ही मोठे झाल्यावर गॅरेजच्या किल्ल्या देऊन बाजूला झाला. त्याचा फोटो घरांत नाहीं, असेंच आम्ही समजत होतों."

'१९१२' हें गॅरेज सुरू झाल्याचें साल असावें, असा आमचा तर्क आहे.

चित्राखालीं आतां काकांचें नांव लिहिलें आहे. आजोबांची जागा मात्र प्रदर्शनांत रिकामी राहिली; कोणाच्या पेटींत त्यांचा फोटो निघाल्यास तो कृपया आम्हांकडे द्यावा.