पायांनी वाचावयाची झाशी



पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली. मुलांना मात्र आपण बहुधा पुढच्या सतरंजीवर बसवूनच ठेवले. त्यांना आता थोडे चालवावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी सह्याद्री गाठावयास नको. बंगरा टेकडीवरचा किल्ला दाराशी आहे.

शाळांच्या सहली तेथे जातात, नाही असे नाही. राणीसाहेबांनी घोड्यासह उडी घेतल्याची म्हणून एक जागा दाखविली जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी बसमध्ये परततात. आम्ही सुचवितो ते निराळे. मुलांना तटाखाली नेऊन काठीच्या सावलीवरून तटाची उंची काढावयास लावावे. मग विचारावे : पाठीशी दामोदर बांधलेला, खाली खडक, घोडा वाचला असता काय? ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणीसाहेब भांडेरच्या वाटेने काल्पीकडे गेल्या. शहराच्या भांडेरी दरवाजातून त्या बाहेर पडल्या, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या दरवाजापर्यंत मुलांनी गल्लीबोळांतून चालत जावे. उडी नसेल तर राणी लहान होते काय, असे एखादी मुलगी विचारील. अवश्य विचारू द्यावे. इंग्रज आदल्याच दिवशी शहरात घुसले होते. तशा शहरातून घोडा काढणे म्हणजे काय, हे तिला त्या अरुंद वाटेवरच उमगेल.

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईहून १८५७ साली निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ साली छापलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मधील झाशीची पाने मुलांनी तेथेच मोठ्याने वाचावीत. आपल्या मुलांचे मराठी अडखळते, हिंदीचा हात धरते, ही घराघरांतील खंत आहे. वर्णिलेले शहर डोळ्यांपुढे असले की पुष्कळ शब्द न सांगता कळतात.

पुढे हिवाळ्यात ओरछ्यापर्यंत सोळा-अठरा किलोमीटरांची पायपीट करावी. बेतवेची पालकांना भीती वाटते, ती रास्तच आहे. पात्रातील ग्रॅनाइटचे धोंडे निसरडे असतात आणि वरच्या माताटीला धरणातून पाणी सोडले की प्रवाह वाढतो. म्हणून पाण्यात उतरणे नाही, आणि दर पाच मुलांमागे एक पट्टीचा पोहणारा हवाच. येथील उन्हाळा पाहता होळीनंतर हा उपक्रम बंद ठेवावा.

येत्या मार्गशीर्षात पहिली फेरी निघावी, अशी आमची सूचना आहे. खिचडीचे काम मात्र भगिनीवर्गाकडे ढकलू नये. ती मुलेच शिजवतील, करपली तरी खातील.