प्रिया, पॉइंट आणि पेठ नाका
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



विज्ञानाच्या सरांची प्रिया स्कूटर आठवते ना? अस्सल सातारकर. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स काढली, तिचा कारखाना साताऱ्यातच.

विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची व्याख्या कुणाला पाठ होईना, तेव्हा सर सगळ्या वर्गाला घेऊन स्कूटरपाशी गेले आणि फ्लायव्हीलवरचं कव्हर काढलं. फ्लायव्हीलला चुंबकं असतात. ती आतल्या स्थिर कॉइलभोवती फिरली की करंट तयार होतो. पॉइंट मिटलेले असताना तो त्यांच्यातूनच फिरतो. कॅमने पॉइंट उघडले की त्याची वाट तुटते आणि सगळा झटका इग्निशन कॉइलला बसतो. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो, म्हणून प्लगला कित्येक हजार व्होल्ट मिळतात. कंडेन्सर नसेल तर ठिणगी पॉइंटवरच उडते आणि ते जळतात.

कुणीतरी विचारलं, "सर, आमच्या ट्रॅक्टरात पॉइंट कुठं असतात?" सर म्हणाले, "डिझेलला ठिणगी लागत नाही रे. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल पेटतं."

मग प्लग इंजिनला टेकवून धरायला पोरं पुढे सरसावली. सरांनी मला बोलावलं. निळी ठिणगी मी तिथं पहिल्यांदा पाहिली. (शॉकही बसला. घरी सांगितलं नाही.)

१९९७ चा पावसाळा. सांगलीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी हजर राहायची शेवटची तारीख, आणि पेठ नाक्याजवळ आमची स्कूटर बंद पडली. शेजारच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "कॉइल गेली. उद्या मिळेल." बाबा एसटी शोधायला लागले. मी म्हटलं, "बाबा, आधी पॉइंट बघू." ते म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" पण स्क्रू-ड्रायव्हर दिला.

फ्लायव्हीलच्या खिडकीतून पाहिलं तर पॉइंटवर ग्रीस. आदल्या रविवारी बाबांनीच कॅमच्या फेल्टला सढळ हाताने लावलेलं! कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून चार-पाच वेळा ओढली. गॅप साधारण ०.४ मिलिमीटर हवी. फीलर गेज कुठली? सर पोस्टकार्ड दुमडून लावायचे. माझ्याकडे पोस्टकार्डही नव्हतं, म्हणून अर्जासोबतचा एक पासपोर्ट फोटो दुमडला. तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. गॅरेजवाला काही बोलला नाही, पण पैसेही घेतले नाहीत.

कॉलेजच्या खिडकीवर कारकुनांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "घडी कशी पडली याला? आणि हे काळं काय?" दुसरा फोटो नव्हता. त्यांनी तोच चिकटवून घेतला.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथं हात काळे होत नाहीत, पण "कॉइल गेली" म्हणणारे रोज भेटतात.

सर, सांगलीहून परतल्यावर तुम्हाला हे सांगायला घरी यायचं ठरवलं होतं. आज येते, उद्या येते करत राहून गेलं. तुम्ही आज समोर बसलाय, म्हणून सांगितलं.