परदेशी अभ्यास-सहलीला निघण्यापूर्वी
(पळसदरी येथील विद्यार्थी शिबिरात केलेले भाषण)



परदेशी अभ्यास-सहलीचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो, आणि तो रास्तच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. एवढा पैसा खर्चून मुलांनी तेथे पाहायचे काय?

आयर्लंडमध्ये कोव्ह नावाचे बंदर आहे. त्या देशात १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडत गेले. १८५२ पर्यंतच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. पुढेही कित्येक दशके लोक जातच राहिले. कोव्हच्या धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा, तिच्या दोन धाकट्या भावांसह, पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर नवे तपासणी-ठाणे उघडले, तेव्हा तेथून आत गेलेली ती पहिली. ती कोणी राजकन्या नव्हती. आईबापांकडे निघालेली गरिबाघरची पोर होती. वहीत तिचे नाव चढले, म्हणून आज लोक तिला ओळखतात.

आता आपण बसलो आहोत ती जागा पाहा. येथूनच गाडी बोरघाट चढू लागते. हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. ऐन हंगामात त्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला. ही दोन नावे पुस्तकांत सापडतात. पटकीने आणि तापाने मेलेल्या हजारो मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली?

कोकणातून समुद्रापार गेलेल्या आपल्या माणसांच्या बाबतीत मात्र नशीब थोडे बरे आहे. म्हणून सहल काढायचीच तर ती दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला काढावी, असे माझे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमानांची पुष्कळ माणसे तेथे गेली. कोणी छोटे दुकान थाटले, कोणी फेरीवर भाजी विकली, कोणी मजुरी केली. मॉरिशसला गेलेल्या मजुरांसारखे ते करारावर गेले नव्हते. पदरचे भाडे भरून गेले होते.

पण दार फार दिवस उघडे राहिले नाही. केप वसाहतीने १९०२ मध्ये कायदा केला. नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेच्या लिपीत अर्ज लिहून सही करता आली पाहिजे, अशी त्यात अट होती. मराठी, उर्दू, गुजराती कितीही सुवाच्य लिहा, ती जमेस धरली जात नसे. १९०६ च्या कायद्याने यिद्दिश ही यहुदी लोकांची भाषा युरोपीय मानली. तीही उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहितात! तेव्हा प्रश्न अक्षरांचा नव्हताच, माणसांचा होता, हे विद्यार्थ्यांनी ओळखावे.

त्याच १९०६ च्या कायद्याखाली, तेथे राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी येऊन परत जायचे तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे. परवान्यासाठी फोटो काढीत आणि हाताचे ठसे घेत. मुदत टळली की परतण्याचा हक्क गेला. १९१३ च्या कायद्यानंतर नवा प्रौढ पुरुष जवळजवळ आत येऊच शकत नसे. येई ती रहिवाशाची बायको आणि लहान मुले. पुष्कळ बायका गावीच राहिल्या. नवरा तिकडे, शेत आणि मुले इकडे, अशी अर्धी-अर्धी घरे वर्षानुवर्षे चालली. आखातात गेलेल्यांच्या घरच्या भगिनींना हे निराळे समजावून सांगायला नको.

ज्या कागदांनी आपल्या माणसांना अडविले, तेच कागद आज त्यांची आठवण जपून आहेत. केपटाउनच्या रोलँड स्ट्रीटवरील सरकारी दप्तरखान्यात त्या काळच्या परवान्यांच्या फायली आहेत. फोटो, अंगठा, अर्ज, कधी कधी कौटुंबिक तपशीलसुद्धा. टेबल माउंटन एका सकाळी पाहावा. दप्तरखान्याला मात्र निदान दोन दिवस द्यावेत. डिस्ट्रिक्ट सिक्सही पाहावे. नाना जातींची ती वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरविली गेली आणि साठ हजारांवर लोकांना तेथून उठविण्यात आले. १९९४ पासून तेथे संग्रहालय आहे.

पालकांनो, यातले निम्मे काम विमानात बसण्यापूर्वीच करावयाचे आहे. घरातील जुन्या ट्रंका उघडा. पासपोर्ट, मनीऑर्डरीच्या पावत्या, जहाजावरील नोकरीचे पुस्तक, पत्रांची पाकिटे रद्दीत देऊ नका. पाकिटावरचा शिक्का आणि पत्ता पत्राइतकाच मोलाचा असतो. दादी-नानींना विचारा : कोण गेले, कोणत्या साली गेले, कोणाबरोबर गेले, कोण परत आलेच नाही? ऐकाल ते त्याच दिवशी वहीत उतरवा. नावाची शक्य तितकी रूपे लिहा. गोऱ्या कारकुनाने आपले नाव कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असणार.

फाईल शोधायची तर पूर्ण नाव, गाव आणि साधारण साल, एवढे तरी हाताशी हवे. सोसायटीला माझी सूचना अशी : सहलीसाठी विद्यार्थी निवडताना आधी त्यांच्या या वह्या तपासा, परीक्षेचे गुण मागाहून पाहा.