पाणी नळाच्या टोकाशी तपासा
(किला गेट येथील सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



तिघऱ्याचा विषय निघाला की आपण जुनी ग्वाल्हेरकर मंडळी खुलतो. सांक नदीवरचे ते धरण माधवराव महाराजांच्या काळातले. विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला बसवलेली स्वयंचलित दारे पुढे तिघऱ्यालाही बसली. अभिमान आहेच. पण ते पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन गल्लीबोळांतून आपल्या घरी येते, आणि माझी तक्रार या शेवटच्या प्रवासाबद्दल आहे.

नळ येतो थोडा वेळ. एरवी पाइप रिकामा, त्यात दाब नाही. शेजारून फुटकी सिव्हर लाइन किंवा नाली जात असेल तर भेगेतून घाण आत शिरते. वर आपण नळालाच मोटर लावून पाणी ओढतो, म्हणजे ती घाणही ओढतो. (काही मंडळी खाली पाहताहेत, पाहू द्या!)

हुबळी-धारवाडच्या काही वस्त्यांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झाले. पुढे संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे नमुने घेतले. ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्याच्या शंभरातल्या जवळपास ३२ नमुन्यांत ई-कोलाय जंतू निघाले. चोवीस तासांच्या नळांत हे प्रमाण शंभरात एकही भरले नाही. शहर तेच!

आणि आपले इंदूर? स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले. तिथेच २०२५ च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळला, शेकडो आजारी पडले, माणसे दगावली. ग्वाल्हेरची पाइपलाइन काय वेगळ्या मातीत पुरली आहे?

सरकारी मानक स्पष्ट आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच नको, आणि क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले हवे. नळाशी, केंद्रावर नव्हे. तेव्हा मते मागायला उमेदवार येतील, त्यांना नवी टाकी किती लाख लिटरची हे विचारत बसू नका. किला गेटच्या शेवटच्या घरी क्लोरीन कधी मोजले, आकडा किती आला, तो दर महिन्याला वॉर्डात फलकावर लावाल का, हे विचारा.

‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून गप्प बसू नका. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या घरी आरओ नाही.

नगर निगमाला द्यायचा अर्ज मागच्या टेबलावर आहे. सही करताना घर क्रमांक आणि नळ येण्याची वेळ जरूर लिहा. पाणी गढूळ येत असेल तर तेही लिहा.