जंगल कोणी तोडले? कोळशाच्या भट्ट्यांची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



आपल्या भाषेत कोळशाची दोन नावे आहेत. खाणीतून निघतो तो दगडी कोळसा आणि लाकडापासून करतात तो लोणारी कोळसा. पहिल्याला पदार्थाचे नाव मिळाले, दुसऱ्याला तो करणाऱ्या माणसांच्या जातीचे. इतिहासात मात्र या माणसांच्या वाट्याला एवढाही मान आलेला नाही. जंगलाच्या नाशाची चर्चा निघाली की कुऱ्हाडवाला आणि भट्टीवाला हे पहिले आरोपी ठरतात. लाकूड कोणासाठी तुटले, हा प्रश्न आरोपपत्रात नसतो. गेल्या काही दशकांत संशोधकांनी या खटल्यात एक नवा साक्षीदार उभा केला आहे. तो म्हणजे भट्टीची जागा. ही साक्ष काय सांगते आणि आपल्या चळवळीने तिच्यापासून काय घ्यावे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

कोळसा कसा पाडतात हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. डोंगरउतारावर थोडी जमीन खणून सपाट करायची, मधे धुराड्यापुरती जागा ठेवून भोवती लाकडे उभी रचायची, वर पाला आणि माती थापून ढीग झाकायचा आणि आत विस्तव सोडायचा. हवा जास्त गेली तर लाकडाची राख होते, कमी पडली तर ते कच्चे राहते. म्हणून धुराच्या रंगावर नजर ठेवून माणसाला कित्येक दिवस आणि कित्येक रात्री भट्टीजवळ जागावे लागते. एवढे करून लाकडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका कोळसा हाती येतो. तो विकला जातो. मागे राहते ती सपाट वर्तुळाकार जागा, काळी पडलेली माती आणि कोळशाचे बारीक तुकडे. लाकूड कुजते, पण कोळसा सहसा कुजत नाही. तो शतकानुशतके मातीत टिकून राहतो.

बेल्जियमच्या वालोनी प्रांतात काही ठिकाणी जंगल जाऊन शेते झाली, तरी नांगरलेल्या जमिनीत जुन्या भट्ट्यांचे काळे ठिपके आजही दिसतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजण्यात आला, तेव्हा एकट्या लिचफील्ड परगण्यात झाडीखाली अशा २०,०००हून अधिक जागा आढळल्या. हा कोळसा तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांसाठी पाडलेला होता. ज्या वनराईकडे आजचा प्रवासी निसर्गाची अस्पर्श देणगी म्हणून पाहतो, तिच्या पायाखाली मजुरांनी तयार केलेली वीस हजार जोती आहेत. जंगल निर्मनुष्य होते, हा समज पुष्कळदा माणसांना तिथून घालवून दिल्यानंतरच तयार होतो.

या तुकड्यांतून आणखीही बरेच वाचता येते. कोळसा झाला तरी लाकडाची अंतर्रचना शाबूत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली झाडाची जात ओळखता येते. वाढीच्या वलयांच्या वळणावरून तो तुकडा जुन्या खोडाचा की कोवळ्या फांदीचा, याचा अंदाज येतो. किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने काळ ठरवता येतो. अशा रीतीने दप्तरात ज्याचा कागद नाही, त्या जंगलाचा इतिहास जमिनीतून उकलता येतो.

याचे एक चांगले उदाहरण फ्रान्सच्या दक्षिण सीमेवरील पिरेनीज पर्वतात, आरियेज भागात सापडते. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या आणि भट्टीला लागणारा सारा कोळसा भोवतालच्या डोंगरांवरून येई. १२९३ सालीच तिथल्या दोन सरदारांमध्ये खनिजाच्या मोबदल्यात कोळसा देण्याचा करार झालेला आहे. म्हणजे एका खोऱ्यात लाकडाची टंचाई तेव्हाच जाणवू लागली होती. बर्नार दाव्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जुन्या भट्ट्यांच्या जागा खणून तुकडे तपासले. त्यांतून दिसले ते असे: पूर्वी या उतारांवर सूचिपर्णी फर आणि रुंद पानांचा बीच हे दोन्ही वृक्ष होते. कोळशासाठी ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा तोड होऊ लागली, तसा फर मागे हटला आणि बीच उरला. बीचच्या बुंध्याला तोडीनंतर पुन्हा धुमारे फुटतात, फरला ते साधत नाही.

या पुराव्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कोळसा पाडणारा जंगल ओरबाडून निघून जात नव्हता. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा भट्टी लावायची तर तिथले जंगल पुन्हा वाढू देणे त्याला भागच होते. परंतु म्हणून काहीच बिघडले नाही असेही नव्हे. फर गेला तो गेलाच. जंगल संपले नाही, पण लोखंडाच्या मालकाला सोयीचे तेवढेच उरले. उद्या एखादा ठेकेदार या संशोधनाचा दाखला देऊन "तोडा, जंगल परत येते" असे म्हणू लागला, तर त्याला फरची ही गोष्ट ऐकवावी.

आता या कथेतील माणसांकडे येऊ. १८२७ साली फ्रान्समध्ये नवा वनकायदा आला. गावांची चराई, सरपण, घरासाठी लाकूड या पिढीजात हक्कांवर त्याने बंधने घातली. लोखंडाच्या भट्ट्यांना मात्र कोळसा मिळतच राहिला. १८२९ ते १८३२ या काळात आरियेजचे शेतकरी उठले. पुरुषांनी बायकांसारखे लांब पांढरे सदरे घातले, तोंडे रंगवली आणि वनरक्षकांना जंगलातून पिटाळले. इतिहासात हा उठाव 'कुमारिकांचे युद्ध' म्हणून ओळखला जातो. १८३०च्या राज्यक्रांतीनंतर सरकारला काही सवलतीही द्याव्या लागल्या. पण या उठावातील एक गोष्ट आपल्याला अस्वस्थ करणारी आहे. शेतकऱ्यांनी वनरक्षकांबरोबरच कोळसा पाडणाऱ्या मजुरांवरही हल्ले केले. एका गरिबाची गुरे कोंडवाड्यात गेली होती, दुसरा गरीब मालकाच्या मजुरीवर डोंगरात रात्री जागवत होता, आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठले. भट्टीचा धूर दिसत होता. नफा दिसत नव्हता.

येथेच या साक्षीदाराची मर्यादा लक्षात येते. कोळशाचा तुकडा झाडाची जात सांगतो, काळ सांगतो, तोडीची पद्धत सांगतो. मजुराला किती मिळाले आणि मालकाला किती, हे तो सांगत नाही. त्यासाठी कायदा वाचावा लागतो आणि हिशेबाची वही उघडावी लागते. १८४२ साली ऱ्हाइन प्रांतात पडलेले सरपण वेचणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर तरुण मार्क्सने वृत्तपत्रात लेख लिहिले. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते या विषयामुळे, असे त्याने पुढे नमूद केले आहे. समाजवादी विचाराचे एक मूळ जंगलातील काटक्यांच्या मोळीत आहे, हे आपण विसरता कामा नये.

फ्रान्सची ही हकीकत आपल्यापासून दूरची नाही. ज्या फ्रान्समध्ये हा कायदा झाला, तिथल्याच नान्सी येथील वनविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात येणारे इंग्रज वनाधिकारी शिकत होते. १८७८ सालच्या वनकायद्याने येथील जंगले राखीव झाली. जंगल खात्याच्या जाचाविषयी जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात लिहिले. ज्यांचे नावच खैराच्या कातावरून पडले, त्या कातकऱ्यांचा कात पाडण्याचा धंदा या बंधनांमुळे बसला. पुढे त्यांतील अनेकांच्या हाती आला तो ठाणे-कुलाब्याच्या डोंगरांतील कोळसाभट्टीचा विस्तव. मुंबईच्या शेगड्या त्या कोळशावर पेटल्या. पावसाळ्यातील उपासमारीत घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर जायचे, आणि हंगाम संपला तरी उचल संपायची नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. कातकऱ्यांच्या आयुष्यात त्याचा उजेड फार मंद गतीने शिरला.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केले आहे. पण हक्क मिळवायचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा कब्जा सिद्ध करावा लागतो, आणि बिगर-आदिवासी वननिवासींना तर ७५ वर्षांचा वास. ज्यांना कोणी कधी कागद दिला नाही, त्यांच्याकडे कागद मागितला जातो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि देशभर गदारोळ झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात लाखो कुटुंबांचे भवितव्य टांगणीला लागले होते.

कायद्याचे नियम कागदापुरते थांबत नाहीत, हे मात्र आपण कार्यकर्त्यांनीच पुरेसे वापरलेले नाही. जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सारे पुरावे म्हणून चालतात. 'कोळशाची भट्टी' हा शब्द त्या नियमांत नाही. भट्टीची जागा सापडली म्हणजे कब्जा आपोआप सिद्ध होतो, असाही माझा दावा नाही. भट्टी बहुधा ठेकेदाराची होती. परंतु ही माणसे या डोंगरात राबली, तिथे राहिली, तिथली झाडे त्यांना ठाऊक होती, याची ती खूण आहे. वाडीतील एखाद्या म्हातारीने दाखवलेली जागा आणि तिचा जबाब, विहीर, थडगी आणि भट्टीची काळी माती एका नकाशावर मांडली, तर 'हे काल आलेले अतिक्रमणदार आहेत' असे म्हणणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या उन्हाळ्यात पाला झडलेला असताना प्रत्येक शाखेने आपापल्या भागातील दोन-तीन वाड्यांच्या वडीलधाऱ्यांबरोबर डोंगर चढावा, जागा पाहाव्यात, नोंदी कराव्यात आणि त्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ठेवाव्यात. जंगल कोणी तोडले, हा प्रश्न आपल्याला पुन्हा पुन्हा विचारला जाणार आहे. त्याचे उत्तर देताना लाकूड कोणी कापले एवढेच न सांगता, ते कोणाच्या शेगडीत आणि कोणाच्या कारखान्यात जळले, हेही सांगण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.