साथीच्या दिवसांतील मालक आणि मजूर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कापड्यातले कोणी म्हणेल, "आमच्या पोलादपूर तालुक्यात कुठे आल्या गिरण्या, आणि आम्हांला कशाला हवा कामगार कायदा?" पण थोडा विचार करा. वीटभट्टी असो, हमरस्त्यावरचे हॉटेल असो, किराणा दुकान असो की गवंडीकामाचा ठेका असो. जो धंद्यासाठी दुसऱ्याला मजुरी देऊन कामाला लावतो तो मालक झाला. शिवाय आपल्या भागात घरटी एखादा तरी माणूस मुंबईला नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतो. तेव्हा साथ आली म्हणजे मालकाने काय करावे, हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत येतोच.

हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला. पुढच्या काही महिन्यांत शहरातली लाखो माणसे घरदार सोडून निघून गेली. त्यांत गिरण्यांतले कोकणी आणि देशावरचे कामगार पुष्कळ होते. तोवर गिरणीची रीत अशी, की महिनाभर राबायचे आणि पगार पुढच्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी हाती पडायचा. प्लेगने ही रीत काही काळ मोडली. उद्याचा भरवसा नाही, मग महिनाभर थांबतो कोण? कामगारांनी रोजची मजुरी रोज मागितली. माणसांवाचून यंत्रे बंद पडू लागली तेव्हा गिरण्यांना ती द्यावी लागली. रस्त्याच्या नाक्यावर माणसे मिळवण्यासाठी गिरण्यांत चढाओढ लागली. त्या काळी वेतन वेळेवर देण्याचा कायदा नव्हता. तो १९३६ साली झाला.

आता अलीकडचे पाहू. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. मुंबईहून माणसे महामार्गाने पायी कोकणात आली, आणि गावोगावच्या शाळांत त्यांना वेगळे ठेवावे लागले, हे तुम्ही पाहिलेच आहे. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली हुकूम काढला, की टाळेबंदीत कारखाना वा दुकान बंद असले तरी मालकाने कामगारांना कपात न करता ठरल्या दिवशी वेतन द्यावे. मालक म्हणाले, "विक्री नाही, पैसा आणायचा कुठून?" कामगार म्हणाले, "आम्ही का खुशीने घरी बसलो?" दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिल २०२० रोजी सांगितले, की बंदच्या काळातले वेतन द्यावे, प्रवास व जेवणाचा भत्ता वगळला तरी चालेल. पण जिथे टाळेबंदी उठली आहे तिथे कामगाराने कामावर यावे, आणि आपल्या मर्जीने न आल्यास रीतसर कपात करता येईल. पुढे १८ मेपासून तो सरकारी हुकूम मागे घेतला गेला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगून, मालक-कामगारांनी एकत्र बसून ५० दिवसांच्या वेतनाबद्दल तडजोड करावी, न जमल्यास श्रम खात्याकडे जावे, असा मार्ग दाखवला.

त्याच वर्षी गुजरात सरकारने साथीचे कारण देऊन कारखान्यांना १२ तासांचा दिवस आणि जादा तासांना साधाच दर अशी सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे साथ आली म्हणून कामगाराचा कायदा खुंटीला टांगता येत नाही, एवढे स्पष्ट झाले.

मग मालकाने काय पाहावे? पहिली गोष्ट, झालेल्या कामाची मजुरी. ती साथ असो नसो, अडवता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. रोजंदाराला पाळी संपताना द्यायचा. कामावरून काढले, किंवा धंदा बंद पडून काम सुटले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. मधला ठेकेदार पळाला, तरी ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर त्या मजुरीची जबाबदारी येते.

दुसरी गोष्ट, काम नाही म्हणून माणसाला तात्पुरते घरी बसवणे. याला कामगार 'ले-ऑफ' म्हणतात. जिथे ५० किंवा अधिक कामगार आहेत आणि काम हंगामी नाही, तिथे वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. पण अट अशी, की त्याचे नाव हजेरीपटावर पाहिजे. लहान धंद्याला हे कलम लागू नाही. तिथे आपसात बसून ठरवावे आणि ठरले ते कागदावर उतरवून दोघांनी सही करावी.

तिसरी गोष्ट, माणूस स्वतः आजारी पडला तर? जिथे १० किंवा अधिक कामगार आहेत तिथे कामगार राज्य विम्याची नोंदणी करावी लागते. ठराविक वर्गणी भरलेली असली, तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. कोरोनाने दगावलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम दरमहा देण्याची योजनाही विमा महामंडळाने आणली. पण तिथेही अट होतीच: आजार कळण्यापूर्वी किमान ३ महिने नाव नोंदलेले हवे.

श्रोतेहो, या सगळ्यांतला सारखा धागा तुमच्या ध्यानात आला असेल. भरपाई घ्या, विमा घ्या, थकलेली मजुरी घ्या, प्रत्येक ठिकाणी आधी विचारतात, "नाव कुठे लिहिले आहे?" तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. साथ पसरली, कचेऱ्या बंद झाल्या, मग नोंदणीला कोण जाणार? साथीतला कायदा पाळायचा तो साथ येण्यापूर्वी, सुखाच्या दिवसांत.

काही मालकांना वाटते, नाव लिहिले की फास गळ्यात पडला. खरे तर उलट आहे. मजुरी दिल्याची नोंद नसेल तर दिलेले पैसेही सिद्ध करता येत नाहीत. विम्याची नोंद असेल तर कामगाराच्या आजाराचा भार एकट्या मालकावर पडत नाही. आणि साथ ओसरल्यावर माणूस परत येतो तो कुणाकडे? ज्याने अडचणीत हिशेब चोख ठेवला त्याच्याकडे. गिरणीवाल्यांना प्लेगने हेच शिकवले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. गावात कागद वाचायला माणसे तुमच्याकडेच येतात. दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. वेतनाची चिठ्ठीही द्यावी लागते. महाडला नव्याने कामाला लागलेला तुमचा विद्यार्थी भेटला, तर एवढे विचारा: नेमणूकपत्र मिळाले का? वेतनाची चिठ्ठी मिळते का? विम्याचा नंबर कुठे लिहून ठेवला आहेस? त्याच्या मोबाइलवर त्या कागदांचे फोटो काढून एक प्रत घरच्यांकडे ठेवायला सांगा. दुर्दैवाने त्याला काही झाले तर दारोदार फिरण्याची पाळी त्यांच्यावरच येते.

आणि मालक मंडळींना एवढेच सांगणे: आज संध्याकाळी आपली वही उघडा. जो माणूस आपल्याकडे राबतो आहे त्याचे पूर्ण नाव, कामाला लागल्याची तारीख आणि मजुरीचा दर तिच्यात आहे का, ते पाहा. नसेल तर आजच लिहा. उद्या अडचण आली तर त्या चार ओळी तुमच्याही कामाला येतील आणि त्याच्याही.