माळवद की स्लॅब?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक बचतीवर सुरू झाली आणि घरावर येऊन अडली. एका ताईचं घरकुल मंजूर झालंय, पण सासूबाई म्हणतात, माळवद पाडायचं नाही. झालं! कर्जाचं रजिस्टर बाजूला राहिलं.

सासूबाईंचं खोटं नाही. आमच्या लातूरकडं मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली लेकरू झोपत नाही. माळवदात मात्र हातभर जाडीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर. टेकलं की डोळा लागतो. साण्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा बघून आमच्या आज्या वेळ सांगायच्या.

पण हा थंडावा राखायला राबत कोण होतं? सणावाराला सारवण कुणी केलं? पावसाळ्याआधी मातीच्या पाट्या कुणी वाहिल्या? शहरातल्या पाहुण्यांना धुरानं काळी झालेली भिंत देखणी वाटते, फोटो काढतात. तो धूर जिच्या छातीत गेला तिला कुणी विचारत नाही. आणि अंधार पडायची वाट बघत टमरेल घेऊन बसणं, ते तर कुठल्याच फोटोत येत नाही.

शिवाय ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली. आमच्यातल्या काही जणी तेव्हा अंगावर पीत होत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. आयांकडून ऐकलंय. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवून माळवद जड झालेलं, खाली दगड-मातीच्या भिंती, भिंतीच्या दोन अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. भिंती फुटल्या आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. म्हणून बायांनो, माळवद ठेवायचंच असेल तर जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड बसवून घ्या, जाणकाराला दाखवा. नुसत्या मायेनं भिंत उभी राहत नाही.

पुनर्वसनात घरं पक्की झाली, पण रस्ते एवढे रुंद की शेजारणीला हाक पोचेना. हेही आयाच सांगतात.

घरकुलाला सरकारी अनुदान मिळतं, घर किमान २५ चौरस मीटरचं. मंजुरी साधारणपणे नवरा-बायको दोघांच्या नावे, नाहीतर एकट्या बाईच्या नावे. माळवदाच्या कागदावर आमच्यापैकी किती जणींचं नाव होतं? बैठकीत हात वर करायला सांगितलं, एकही हात वर झाला नाही.

शेवटी ताईनं ठरवलंय, स्लॅबच घालायचा, पण खिडक्या समोरासमोर, उन्हाळ्यात स्लॅबवर चुन्याचा हात आणि दारापुढं बसायला ओटा. पुढच्या बैठकीला गवंडी येणार आहे. सासूबाईही येणार आहेत. त्यांचा एकच प्रश्न आहे, जातं कुठं बसवायचं? नकाशा दोनदा बघितला, अजून जागा सापडलेली नाही.